तानपुरे कुणी लावले?

कुमुदबाई मला कधीच रागावल्या नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे गाणं शिकायला जात होतो, आणि तेवढ्या काळात त्या सगळ्यांना रागावल्या. लहान मुलांना, त्यांच्या आयांना, तबलजीला, रेडिओला, समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेनना. माझं गाऊन झालं की मात्र डोळे मिटूनच म्हणायच्या, "छान."

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरून आत वळलं की भांड्यांचं एक दुकान होतं, त्याच्यावर बाईंचा फ्लॅट. गिरगावातली खोली विकून त्या आणि त्यांचे यजमान इकडे आले. यजमान गेले, बाई राहिल्या. दाराला पाटी नव्हती. मी पहिल्यांदा पत्ता विचारला तेव्हा दुकानदार वर बोट दाखवून म्हणाला, "वो चिल्लानेवाली बाई? दूसरा माला." हे तो गाण्याबद्दल म्हणत होता की रागावण्याबद्दल, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी करमाळ्याचा. वडील बाजार समितीत तोलाईचं काम करायचे. आमच्या घरात बी.कॉम. होणारा मी पहिला, आणि त्या पदवीवर मला मीरा रोडच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी मिळाली होती. नया नगरच्या पुढे आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. गावाकडे शाळेत प्रार्थना नेहमी मीच सांगायचो, त्यामुळे मला गाता येतं अशी माझी पक्की समजूत होती.

"काय येतं?" बाईंनी विचारलं.

"प्रार्थना."

"म्हण."

मी म्हटली. उभा राहून, हात जोडून, शाळेत म्हणायचो तशी. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "छान." त्या संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून गावी फोन केला. आई म्हणाली, "मग रेडिओवर कधी लागणार?"

रेडिओवर दुसरंच कुणी लागायचं. शकूताई. बाई आणि शकूताई एकाच गुरूंकडे, एकाच सतरंजीवर बसून शिकलेल्या. पुढे शकूताईंचं नाव झालं, त्यांच्या मैफली झाल्या, पोरीबाळी त्यांच्या पाया पडायला लागल्या. बाईंचा क्लास झाला. शकूताई रेडिओवर असल्या की बाई क्लास थांबवायच्या, रेडिओकडे पाठ करून बसायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकायच्या.

"बघ, बघ, कशी जाते निषादावर. गुरुजींनी हे मला आधी सांगितलं होतं. मला! ही तेव्हा स्वयंपाकघरात पोहे चिवडत होती." मग हळूच, "सुंदर गाते मेली."

त्या दिवशी त्यांच्याकडे स्वयंपाक व्हायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आज शकू गायली. आज मी रियाज करणार." आणि खरंच बसायच्या. त्या दिवसाचं त्यांचं गाणं ऐकलेला माणूस भाईंदर सोडून जायला तयार झाला नसता. एकदा मी भीत भीत विचारलं, "बाई, तुम्हाला त्यांचा राग येतो?"

"राग कशाला येईल? हेवा वाटतो," त्या म्हणाल्या. "भरपूर वाटतो. वाटला की लगेच तानपुरा घ्यावा. हेव्यात माणूस खोटा सूर लावत नाही, तेवढी शुद्ध त्याला असते. राग आला की मात्र गाऊ नये, भांडी घासावीत."

ही गोष्ट त्यांनी मला शिकवली, आणि पुढे मला तिचा फार उपयोग झाला. तो कसा, ते सांगतो.

भाईंदरची हवा तानपुऱ्याला मानवत नाही. खाडीवरून, मिठागरांवरून येणारा वारा खारट. तारा काळ्या पडतात, लाकूड ओल धरतं, सकाळी लावलेला तानपुरा दुपारपर्यंत उतरतो. विजेवर चालणारा डबीएवढा तानपुरा तेव्हा सगळ्या क्लासमध्ये येऊन पोचला होता. एका पालकांनी बाईंनाही तो भेट दिला. बाईंनी त्याच्यावर फुलदाणी ठेवली. त्यांच्याकडे गिरगावातून आणलेल्या तानपुऱ्यांची जोडी होती, आणि तीच रोज लावायची असा त्यांचा हट्ट. एकदा त्यांचं मनगट दुखायला लागलं. मला म्हणाल्या, "आज तू लाव."

पहिल्या दिवशी सगळा क्लास त्यातच गेला. मुलं पेंगली. पण मला काय झालं होतं कोण जाणे, माझं कशाकडे लक्षच नव्हतं. तानपुऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवायचा. तार आधी नुसती वाजते. दोरा नेमक्या जागी आला की ती बोलायला लागते. आमचे वडील तराजूचा काटा मधोमध येईपर्यंत श्वास धरून थांबतात, तसा मी थांबलो होतो. काटा आला.

"बाई," मी म्हणालो, "यातून गंधार ऐकू येतोय. पण गंधाराची तार तर यात नाहीच."

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"हं," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, चुकलंच काहीतरी. कारण छान म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तानपुरे लावायचं काम माझ्याकडे आलं. आज मैफलीच्या आधी लोक मला त्यासाठी बोलावतात, नोकरी सांभाळून मी जातो, आणि गवयाच्या आधी व्यासपीठावर जाऊन बसतो. त्याची सुरुवात बाईंच्या त्या दुखऱ्या मनगटात आहे. पण तेव्हा मला ते हमालीचं काम वाटायचं. गायला आलो होतो मी.

आणि मग दर्शना आली.

भाईंदरच्याच डोंगरीकडच्या एका गावातली मुलगी. एके काळी मिठागरं आणि भातशेती असलेलं घर, आता वडिलांचा टेम्पो होता. आजी लग्नात धवले गाणारी. हळदीच्या मांडवात माईक नसताना शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा त्या आजीचा गळा, आणि तोच जसाच्या तसा नातीकडे आलेला. तिची आई वाडीतली वांगी घेऊन आली होती. "बाई, ही घरात लय वरडते. तिला जरा वळण लावा," म्हणाली.

दर्शनाने आजीचा एक धवला म्हटला. समोर हंसाबेनचा मिक्सर चालू होता. बाई ताडकन उठल्या, दार उघडून ओरडल्या, "हंसाबेन! मिक्सर बंद करो!" आणि परत येऊन बसल्या. दर्शनाचं झाल्यावर मी वाट पाहत होतो, आता छान म्हणतील.

"हा आवाज आहे का मिठागराचा पंप?" बाई म्हणाल्या. "श्वास कुठे घेतेस? खांद्यात? तिथे काय फुप्फुसं ठेवलीत? पुन्हा."

पुन्हा. पुन्हा. पुन्हा. त्या दिवशी मी माझी पाळी येईल म्हणून बसून राहिलो, आणि आली नाही.

पुढे हे रोजचं झालं. मी गायला लागलो की समोर मिक्सर, प्रेशर कुकर, जे काही असेल ते चालू राहायचं. बाईंची हरकत नसायची. दर्शनाने तोंड उघडलं की अख्खा माळा गप्प बसवला जायचा. बाई तिला मूर्ख म्हणायच्या, दगड म्हणायच्या, तिच्या पाठीवर थाप मारायच्या, तिच्यासाठी घसा बसेपर्यंत तीच जागा परत परत गाऊन दाखवायच्या. एकदा तीच वैतागली.

"बाई, तुम्ही मला एकटीलाच बोलता. दादाला कधी काय न्हाय बोलत."

"दादा छान गातो," बाई म्हणाल्या.

दर्शना माझ्याकडे बघून म्हणाली, "मजा हाय तुझी!"

मजा कसली होती, ते मला थोड्याच दिवसांत कळलं. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा गायला, कुमुदबाई छान म्हणाल्या, मायलेक खूश होऊन गेले. दार लागल्यावर दर्शनाने विचारलं, "बाई, छान कुठे होतं? पार बेसूर होता तो."

"अगं, ज्याच्या गळ्यात करण्यासारखं काही नसतं त्याला छान म्हणावं. बिचारा आनंदात घरी जातो."

मी कोपऱ्यात पंचमाची तार लावत होतो. माझा हात थांबला. तार थांबली म्हणून बाईंनी वळून पाहिलं, त्यांच्या लक्षात आलं आणि त्या घाईने म्हणाल्या, "तू तो पंचम बघ. किंचित चढलाय."

तो चढलेला नव्हता.

त्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. भूप गाताना मुद्दाम मध्यम लावला, जो भूपात नसतोच. म्हटलं, आता तरी रागावतील. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "छान." दर्शना तोंडावर ओढणी धरून हसत होती.

मी खोलीवर आलो, तेव्हा मला बाईंचंच वाक्य आठवलं. हेवा वाटला की तानपुरा घ्यावा. गळा चालणार नव्हता, हात चालत होते. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास आधी जायला लागलो. दर्शनाचा सूर बाईंपेक्षा वरचा, तिच्यासाठी जोडी वेगळी लावावी लागे. मी ती अशी लावायचो की तिला चुकायला जागा राहू नये. माझा हेवा हा असा होता. ती मुलगी मला इतकी खुपायची की मी तिच्यासाठी भाईंदरमधला सगळ्यात चांगला तानपुरा लावत होतो.

मला हवी होती एक जागा. बाईंकडे गुरुपौर्णिमेला आधी शिष्य गायचे, शेवटी बाई. गाताना त्यांच्या मागे दोन तानपुरे असायचे. डावीकडचा माणूस नुसता तानपुरा छेडतो. उजवीकडचा तानपुराही छेडतो आणि बाई श्वासाला थांबल्या की त्यांचा सूर उचलून धरतो. मी कायम डावीकडे. उजवीकडे बसावं, बाईंनी मध्येच मान किंचित मागे वळवावी आणि सूर माझ्या हाती द्यावा, एवढंच माझ्या मनात होतं. दर्शना आली त्या पहिल्याच वर्षी बाईंनी तिला उजवीकडे बसवलं.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी गुरुपौर्णिमा जवळ आली आणि बाई मला म्हणाल्या, "शकूला फोन लाव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. नंबर त्यांना पाठ होता. मी फिरवून दिला.

"शके? कुमुद बोलतेय... कोण कुमुद काय, मेले... हो, आहे अजून जिवंत. भाईंदरला... बोरिवलीच्या पुढे. नकाशात आहे ते, बघ... गुरुपौर्णिमेला ये... मानधन-बिनधन काही नाही, बटाटेवडे आहेत... ये गं. ऐकवायचंय तुला एक."

फोन ठेवून त्या कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

कार्यक्रम जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये होता. शकूताई गाडीतून उतरल्या. रेशमी साडी, मोठं कुंकू. बाई फाटकातच उभ्या होत्या.

"कुमे!"

"शके, जाड झालीस."

"तू वाळलीस. सूर तरी उरलाय का?"

"बस समोर, कळेल."

मला तेव्हा वाटलं की बाईंना जिंकायचंय. हवा दमट होती, तानपुरे सूर धरत नव्हते, मी पडद्यामागे घामाने भिजून गेलो होतो. दर्शना मारवा गायली. पहिला सूर लागला आणि शकूताई पुढे सरकून बसल्या. मी मागून बाईंकडे पाहत होतो. त्या दर्शनाकडे बघतच नव्हत्या, शकूताईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग बाई स्वतः गायल्या. मी डावीकडे, दर्शना उजवीकडे. मान किंचित मागे वळली, दर्शनाने सूर उचलला. शकूताईंनी डोळे पुसले.

वडे एका वर्गात ठेवले होते. ताटल्या फिरवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी दोन हातांवरून ऐकलं.

"पोरगी मला दे, कुमे," शकूताई म्हणाल्या.

"मग बोलावलं कशाला तुला? वडे खायला?"

दर्शनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रडायलाच लागली. "मी न्हाय जाणार बाई. मी तुमच्याकडंच शिकणार."

"गप. माझ्याकडचं संपलं. पुढचं हिच्याकडे आहे, ते मला जन्मभर माहीत आहे." बाईंचा आवाज एकदम साधा झाला होता. मग नेहमीसारख्या खेकसल्या, "आणि रडतेस काय? रडतानासुद्धा सूर चढवतेस, मूर्ख!"

शकूताईंनी दर्शनाला जवळ घेतलं. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि तानपुरे कुणी लावले गं? बसल्या बसल्या अंगावर काटा आला. माझ्याकडे इतकी माणसं आहेत, असा एकाला लावता येत नाही."

माझ्या हातात ताटली होती. मी मान वर केली. ओठांवर हसू आलंच होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लावलेत कुणीतरी," त्या म्हणाल्या. "शाळेचा माणूस असेल. तू वडा घे."

मी ताटली बाकावर ठेवली आणि हॉलमध्ये जाऊन तानपुऱ्यांना गवसण्या घालायला लागलो. घरात पहिला पदवीधर, गावात लोक वडिलांना माझ्या नावाने ओळखायला लागले होते, आणि ज्या बाईंसाठी मी वर्षानुवर्षं तारा लावल्या त्यांच्या लेखी मी कुणीतरी होतो. पुन्हा जाऊ नये असं वाटलं. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. खारा वारा. मला राहवेना, तानपुरे उतरले असतील म्हणून गेलो. बाईंनी दार उघडलं आणि काहीच न विचारता म्हणाल्या, "खर्ज बघ आधी."

पुढच्या गुरुपौर्णिमेला दर्शना नव्हती. बाई मला म्हणाल्या, "उजवीकडे बस." मी बसलो. मान किंचित मागे वळली. मी सूर उचलला. कार्यक्रम झाल्यावर मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "छान."

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. बाईंचे गुडघे गेले, दोन जिने होईनात. पुतण्याने त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. सामान बांधायला मी जात होतो. क्लास बंद झाला होता, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. रेडिओ तेवढा बांधायचा राहिला होता, कारण त्या संध्याकाळी शकूताई होत्या. आणि या वेळी त्यांच्या मागे, उजव्या तानपुऱ्यावर, दर्शना होती.

बाई नेहमीप्रमाणे रेडिओकडे पाठ करून बसल्या. मी खोक्यावर बसलो. शकूताई श्वासाला थांबल्या आणि दर्शनाचा आवाज आला. धवल्याचा तोच मोकळा गळा, आता घोटलेला, झळाळणारा. मला पुन्हा तसंच खुपलं, जुनं, ओळखीचं. बाईंनी पदर बोटाला गुंडाळला. मला वाटलं, आता म्हणतील सुंदर गाते मेली.

"पंचम उतरलाय," त्या म्हणाल्या.

मीही तेच ऐकत होतो. दर्शनाचा नव्हे, तानपुऱ्याचा. केसभर उतरला होता, दर्शना त्याच्याशी झगडत होती.

"ऐकलास ना?" बाई माझ्याकडे वळल्या. डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "नाव झालं तिचं. हॉल भरतात तिचे. माझी पोरगीसुद्धा तिच्या मागे बसली. पण तानपुरा? तानपुरा लागत नाही तिचा!"

"बाई, त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं..."

"मला काय ठाऊक नाही? तू म्हैस हरवल्यासारखं तोंड करून निघून गेलास." त्या हसायला लागल्या. "नाव सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून तुलाही घेऊन गेली असती. पोरगी दिली तिला. सगळंच देऊ का?"

बाईंनी रेडिओ बंद केला, शकूताई गात असताना. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"तो काढ बाहेर."

"बांधलाय बाई. आणि आता गाणार कोण?"

"कुणी नाही. लाव तू."

मी गवसणी सोडली. तारा उतरल्या होत्या. पंचम, मग जोडीच्या तारा, मग खर्ज. दोरा केसभर मागे, केसभर पुढे. खोली रिकामी झाल्यामुळे आवाज भिंतींना लागून परत येत होता. हळूहळू तारा बोलायला लागल्या, आणि मग तो गंधार आला, ज्याची तार नसते.

"हं," बाई म्हणाल्या.

त्याच वेळी समोर हंसाबेनचा मिक्सर सुरू झाला. बाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले आणि त्या उठल्या. मी धरायला गेलो तर मला हातानेच थांबवलं, वाजवत राहा म्हणून. भिंत धरत, खोक्यांना वळसा घालत त्या दारापर्यंत गेल्या, दार उघडलं आणि अख्ख्या माळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"हंसाबेन! मिक्सर बंद करो! तानपुरा लगा है!"